पोटाला हात लावा

दार अर्धंच उघडलं. पुढची जाळी बंदच.

"मावशी, आत नका येऊ."

मी चपला काढत होते. एक काढलेली, एक पायात. मला वाटलं लादी पुसली असेल, ओली असेल.

"डोळे बघितलेत का तुमचे? पिवळेजर्द झालेत. आमच्या घरात लहान मूल आहे."

मॅडम आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात प्लॅस्टिकची पिशवी. आत कणीक. आदल्या दिवशी मीच मळून फ्रिजमध्ये ठेवलेली. पिशवी दोन बोटांत धरलेली, मेलेला उंदीर धरतात तशी. जाळी जराशी सरकवून ती माझ्या हातात दिली.

"ही तुम्हीच न्या. आमच्या डस्टबिनमध्ये नको."

मी घेतली. तेव्हा घेतली, याचा राग अजून जात नाही.

मग म्हणाल्या, "एक मिनिट, इकडे बघा." मोबाईल वर केला. फोटो म्हटल्यावर मी पदर सारखा केला. हसले पण असेन. मूर्ख बाई! खाली गेटवर आले तर वॉचमनच्या मोबाईलवर माझाच फोटो. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला. पिवळे डोळे मोठे करून. खाली लिहिलेलं, 'पोळ्यावाल्या मावशींना कावीळ आहे. कृपया कोणीही घरात घेऊ नये.' त्याच्याखाली अंगठे. हात जोडलेले. 'थँक्यू फॉर अलर्ट.' त्या बिल्डिंगमधली माझी सगळी घरं एका फोटोत गेली. ज्यांच्या पोरांना मी गरम पोळीवर तूप लावून भरवलं, त्यांचे पण अंगठे होते.

कशी आहेस, असं एकीनंही विचारलं नाही.

अंबरनाथ पूर्वेला मी वर्षानुवर्षं पोळ्या लाटतेय. नवरा गेल्यापासून. माझी लेक वैशू उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला आहे. आम्ही दोघीच घरात. आणि त्या दिवशी जे पिवळं दिसलं ते काही एका रात्रीत आलं नव्हतं. अंग कधीपासून ओरडत होतं. ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

आधी पाठ. पोटाच्या वरच्या भागात, बरगड्यांच्या मधोमध दुखायचं आणि ते आरपार पाठीत जायचं. झोपलं की जास्त. उठून पुढे वाकून बसलं की जरा बरं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे गेले. म्हणाले, "दिवसभर पोळ्या लाटता, पाठ दुखणारच." मलम दिलं. पोट फुगतं म्हटलं, तर गॅसची गोळी दिली.

मग भूक गेली. फोडणीचा वास आला की मळमळायचं. फोडणी! जिच्यावर माझं पोट चाललं, तीच नको झाली. ब्लाऊज ढगळ व्हायला लागले. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. त्याच मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, "मावशी, काय मस्त बारीक झालात! काय डाएट करता?" मी लाजले होते हो. खरंच लाजले होते.

मग साखर निघाली. घराण्यात कुणाला नाही आणि मला. डॉक्टर म्हणाले, "या वयात निघतेच." गोळी दिली. वजन उतरतंय, पाठ दुखतेय, भूक नाही, त्यात नवीन साखर. प्रत्येक वेळी वेगळी चिठ्ठी, वेगळी गोळी. बेरीज कुणी केली नाही.

आणि मग खाज. सगळ्या अंगाला. तळहात, तळपाय. लाटण्याने पाय खाजवले मी, खोटं कशाला बोलू. लघवी चहाच्या उकाळ्यासारखी काळपट. संडास पांढुरकी, चिकणमातीसारखी, तेलकट, पाणी टाकलं तरी न जाणारी. असलं कुणाला सांगणार? बाईमाणूस. लेकीला सुद्धा सांगितलं नाही. आणि शेवटी डोळे.

सोसायटीने हाकललं त्याच आठवड्यात भाऊ आला. माझं माहेर बारवी धरणाच्या बाजूला. भाऊ मला बघून दारातच थबकला. मग म्हणाला, "ताय, घाबरू नको. कावीळ म्हंजे काय मोठं नाय. आपल्याकडं उतरवतात."

आमच्यात हे असंच. कावीळ डॉक्टरची नाही, उतरवणाऱ्याची. माझ्या आजीची उतरवली, आईची उतरवली. मी पण गेले. तिथल्या माणसाने माझ्या हातांना कसल्या तरी झाडाची साल वाटून चोळली. मग परातीत चुन्याचं पाणी आणि त्यात हात धुवायला लावले. पाणी बघता बघता पिवळं झालं. हळदीसारखं. भाऊ आनंदाने म्हणाला, "बघ, उतरली! कशी भसाभसा उतरली!" वहिनीने हात जोडले. मलाही वाटलं, सुटले बाई.

वैशू मात्र त्या परातीकडे निरखून बघत होती. पुढच्या खेपेला तिने काय केलं, उरलेली साल आपल्या हाताला चोळली आणि त्याच पाण्यात हात घातले. पाणी परत पिवळं. धडधाकट पोरगी, कावीळ ना काही. म्हणाली, "मामा, मला पण झाली काय मग?"

भाऊ तिच्यावर खेकसला. पण त्याचा चेहरा पडला होता.

तोपर्यंत व्हायचं ते नुकसान झालंच होतं. त्या माणसाने सांगितलेलं, इंग्रजी गोळ्या बंद, उसाचा रस चालू. कावीळ म्हटलं की रस, हे आमच्याकडे लहान पोराला पण माहीत. मी साखरेच्या गोळ्या बंद केल्या आणि सकाळ-संध्याकाळ रस प्यायले. साखर असलेली बाई उसाचा रस पिते, आणि सगळं घर कौतुकाने पाजतंय! एका दुपारी मोरीत कपडे पिळता पिळता मी तिथेच आडवी झाले.

वैशूने रिक्षात घातलं. एका नर्सिंग होममध्ये नेलं. नाव सांगत नाही, सांगून उपयोग नाही. साखर खाली आणायला त्यांनी सलाईन लावलं, दोन दिवस ठेवलं आणि मग मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये पाठवलं. एसी. काचेचं टेबल. मी टेबलाच्या या बाजूला, डॉक्टर त्या बाजूला. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे एकदा बघितलं. एकदाच.

"दारू कधीपासून?"

"दारू नाही घेत मी."

"खरं सांगा."

"नाही घेत."

ते वैशूकडे वळले. "या बायका घरी सांगत नाहीत. पण घेतात. आम्ही रोज बघतो. लिव्हर खराब होते मग येतात."

या बायका. माझ्या नवऱ्याचा दारूपायी जीव गेला. तो वास मी आयुष्यभर धुतला. आणि हा माणूस मला विचारतो कधीपासून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वैशू म्हणाली, "डॉक्टर, आईचं वजन खूप उतरलंय. पाठीत पण दुखतं. सोनोग्राफी करायची का?"

"तू डॉक्टर आहेस का? मोबाईलवर वाचून येतात आणि आम्हाला शिकवतात. आधी गावठी इलाज करायचे, बिघडवायचं आणि मग आमच्या डोक्यावर आणून टाकायचं. वस्तीतलं पाणी उकळून प्या. लिव्हरचं सिरप देतो. चला, नेक्स्ट."

वैशू उठली. मीही उठायला लागले. सवय आहे ना. चला म्हटलं की उठायचं, नको म्हटलं की जायचं, धर म्हटलं की धरायचं. गुडघे अर्धे सरळ झाले आणि काय झालं माहीत नाही. डोक्यात तिडीक गेली. मी परत खाली बसले.

"काय झालं मावशी?"

"पोटाला हात लावा."

"काय?"

"माझ्या पोटाला हात लावा. दोन दिवस झाले मी इथे आहे. अजून कुणी पोटाला हात लावला नाही."

"बाहेर लाइन आहे."

"असू दे लाइन. पोळीसुद्धा लांबून भाजत नाही, डॉक्टर. हात लावा. तोपर्यंत मी उठत नाही."

वैशूने माझा खांदा धरला. "आई..." मी तिचा हात झटकला. दारात उभी असलेली सिस्टर बघतच राहिली. डॉक्टरांचे कान लाल झाले. मला हाकलायला माणूस बोलवतात की काय असं वाटलं. बोलावला असता तरी मी खुर्ची धरून बसले असते. खरंच बसले असते.

शेवटी ते उठले. "झोपा तिकडे," म्हणाले. कंटाळून. दोन बोटांनी पोट चाचपलं. मग उजव्या बरगडीच्या खाली त्यांचा हात थांबला. परत दाबलं.

"दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

आता चार बोटं. मग सगळा हात. मला श्वास आत घ्यायला सांगितला. कंटाळा कुठे गेला कळलं नाही. मग सिस्टरला म्हणाले, "सोनोग्राफी. आत्ता." माझ्याकडे बघितलं नाही. माफी तर दूरच.

पित्ताची पिशवी फुगून टणक झाली होती. न दुखता फुगलेली. खाली कुठेतरी वाट अडली होती. मग सीटी स्कॅन झाला.

रिपोर्ट आल्यावर भाऊ, वैशू आणि डॉक्टर दाराबाहेर कुजबुजले. आत येऊन भाऊ म्हणाला, "ताय, आतड्याला सूज हाय. औषधानं जाईल." मी ओळखलं. वैशू माझ्याशी भांडेनाशी झाली होती. केस विंचरू दे म्हटलं तरी ऐकायची, डाळ पातळ झाली म्हटलं तरी हो म्हणायची. एवढी गुणी पोर नाहीये ती. मी तिला समोर बसवली. "माझी शपथ घालत नाही तुला. नुसतं सांग." ती रडली आणि म्हणाली, "कॅन्सर आहे आई. स्वादुपिंडाचा."

स्वादुपिंड. नाव कधी ऐकलं नव्हतं. पुढे मुंबईला दाखवलं तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या पोटावर हात ठेवून मराठीत समजावलं. जठराच्या मागे आडवं पडलेलं असतं. जेवण पचवणारा रस तेच करतं, साखर सांभाळायचं इन्सुलिन पण तेच. म्हणून साखर. त्याच्या मागेच नसांचं जाळं, म्हणून पाठ. पित्ताची नळी त्याच्या डोक्यातून जाते, गाठीने ती दाबली, म्हणून कावीळ, म्हणून खाज, म्हणून पांढरी संडास. पचत नव्हतं, म्हणून वजन. सगळ्याचं मूळ एकच! मी म्हटलं, "मग हे आधी कुणी का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "हा आजार लपून बसतो मावशी. लवकर सापडणं खरंच कठीण असतं." असेल. पण माझा लपला नव्हता. माझा तर ग्रुपवर फोटो होता.

तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीत छोटी नळी बसवली. डोळे पांढरे झाले, खाज गेली. सुईने गाठीचा तुकडा काढून तपासला. गाठ एका मोठ्या शिरेला चिकटली होती, लगेच कापता येत नव्हती. आधी केमो देऊन बघू म्हणाले. हातापायांना मुंग्या, तोंडात फोड, केस गेले. प्रत्येक घासाबरोबर पचनाची कॅप्सूल. मी विचारलं, "डोळे पिवळे झाले तेव्हाच आले असते तर?" डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नाहीत. "कदाचित थेट ऑपरेशन झालं असतं. सांगता येत नाही." परातीतलं पाणी आणि 'दारू कधीपासून', दोन्हींनी माझे दिवस खाल्ले. एकाने अडाणीपणाने, एकाने शिकून.

मधे मॅडमचा फोन आला. कुणीतरी सांगितलं असणार. "मावशी, सॉरी हं. आम्हाला वाटलं पसरतं. बरं वाटलं की या, हलकं काम देऊ."

मी म्हटलं, "काम नको. ग्रुपवर लिहा. जिथे फोटो टाकला तिथेच लिहा की हे पसरत नाही."

"अहो, आता ते जुनं झालं."

"माझं नाही झालं."

त्यांनी फोन ठेवला. लिहिलं नाही. अजून लिहिलेलं नाही. आता अंबरनाथला कुणी बोलावलं तर मी आधी हेच सांगते, माझा आजार काय आहे ते, तोंडावर. मग त्यांनी ठरवावं.

परवा केमोनंतरचा स्कॅन झाला. रिपोर्ट दाखवायला भाऊ, वैशू आणि मी मुंबईच्या सर्जनकडे आत गेलो. भाऊ म्हणाला, "ताय, तू बाहेर बस जरा." मी बसले नाही. सर्जनने खुर्ची भावाकडे वळवली आणि त्यालाच सांगायला लागले. गाठ लहान झालीय. शीर सुटलीय असं वाटतं, पण पोट उघडल्यावरच कळेल. स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा तुकडा, पित्ताची पिशवी, सगळं काढून परत जोडायचं. मोठं ऑपरेशन आहे.

भाऊ म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या ना साहेब. उगा तिचे हाल."

जीव लावणाराच तो. म्हणून जास्त चीड आली.

"डॉक्टर, इकडे बघून बोला," मी म्हटलं. "पोट माझं आहे."

त्यांनी खुर्ची वळवली.

"नाही केलं तर?"

"वाढत जाईल."

"उघडलं आणि निघत नसेल तर?"

"तसंच शिवून टाकू. केमो चालू ठेवू."

"टेबलावर मेले तर?"

ते माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "होऊ शकतं."

"करा," मी म्हटलं. "आणि शुद्धीवर आले की काय निघालं, काय राहिलं, ते आधी मला सांगायचं. तोपर्यंत या दोघांना एक शब्द नाही."

भाऊ डोळे पुसायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी ऑपरेशनची तारीख मागितली.