मारुतीच्या पारावरची हिंदी

आमची केळीची बाग बहादरपूरच्या शिवारात होती. आबा, माझे वडील, मोट हाकायचे आणि मी पार दुसऱ्या टोकाला, चिखलात अनवाणी उभी राहून, एकेका वाफ्याला पाणी द्यायची. मधे केळीची एवढी दाटी की माणूस दिसायचा नाही. वाफा भरला की ओरडून सांगावं लागे. आत्या म्हणायची, पोरीच्या जातीला एवढा आवाज बरा नाही. आबा म्हणायचे, आवाज पोचला नाही तर पाणी वाया जाईल.

चौथीपर्यंत मी गावात मराठीत शिकले. त्याच सुमारास प्रांतांची नवी वाटणी झाली. आपण महाराष्ट्रात जाणार की इकडे हिंदी मुलखातच राहणार, याच्या गप्पा पारावर वर्षभर चालल्या आणि आपण इकडेच राहिलो. पाचवीला मला बुऱ्हाणपूरच्या शाळेत घातलं. तिथे सगळं हिंदीत. बाजारातली हिंदी मला येत होती, पण पुस्तकातली वेगळीच निघाली. पहिल्याच आठवड्यात मी ‘नदी बहती है’च्या जागी ‘बहता है’ म्हटलं आणि वर्ग हसला. त्यानंतर मी शाळेत तोंडच उघडलं नाही. दिवाळीच्या आधी मास्तरांनी आबांना बोलावून सांगितलं, की मुलगी मुकी बसते, हिला घरकाम शिकवा.

घरी आल्यावर आबा आईला म्हणाले, “पुस्तकातली हिंदी मलाही येत नाही. आम्ही दोघं शिकू.”

मारुतीच्या देवळाच्या पारावर रोज दिवेलागणीला एक म्हातारे बाबाजी हिंदी पोथी वाचत. ते मूळचे उत्तरेकडचे, पूर्वी कुणाच्या तरी बागेत माळी होते. मोजकी माणसं ऐकायला बसत. आबा मला घेऊन रोज जाऊ लागले. देवाला दिवा लावायचा, मग बाबाजींच्या शेजारी बसून त्यांच्या बोटामागे डोळे न्यायचे. आबांना अर्थ कळला नाही की ते सरळ विचारायचे. बाबाजींनाही ते आवडायचं. आई घरी भाकरी झाकून ठेवायची आणि आज काय शिकलात ते विचारायची. तिला सांगता सांगता माझं पाठ होऊन जाई.

हनुमान जयंतीला देवळात गर्दी होती आणि नेमका बाबाजींचा घसा बसलेला. त्यांनी पोथी उचलून माझ्यापुढे ठेवली. मागून कुणीतरी म्हणालं, मुलगी वाचणार का? मी आबांकडे पाहिलं.

“वाच, पोरी,” ते म्हणाले. “चुकलं तर मारुती ऐकून घेईल. तो काही मास्तर नाही.”

पहिल्या दोन ओळी माझ्या मलाच ऐकू आल्या नाहीत. तेव्हा आबा गर्दीच्या पार मागे जाऊन उभे राहिले आणि तिथून त्यांनी नुसता हात वर केला. मग मात्र मी बागेत ओरडायची तशी वाचत सुटले. तीन-चार ठिकाणी चुकले. बाबाजी बसक्या आवाजात दुरुस्त करत गेले आणि कोणी हसलं नाही. शेवटी प्रसादाचं पहिलं केळं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. आत्या सगळा वेळ बायकांत बसून ऐकत होती. घरी आल्यावर ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून आत गेली.

वर्गात बोलायला त्यानंतरही महिना-दीड महिना लागला. पण मी पास झाले, पुढे शिकले आणि शिक्षिका झाले.

पहिली नेमणूक डोंगरातल्या धूलकोटला मिळाली. माझ्यापुढे बसलेल्या मुलांच्या घरची बोली ना हिंदी होती ना मराठी. चार दिवस वर्गात चकार शब्द उमटला नाही. पाचव्या दिवशी मी फळा उचलून बाहेर लिंबाखाली नेला आणि त्यांनाच विचारलं, या झाडाला तुमच्या घरी काय म्हणता? मग मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि तिनं शब्द सांगितला. मला तो नीट उच्चारता येईना, तेव्हा ती पुढे आली आणि तिनं तो माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला.