लेकीबाळींसाठी कापलेला देव

संस्थानं विलीन झाली त्या वर्षी सांगलीच्या एका हळदीच्या अडत्यानं राजवाड्यातल्या लिलावात माझ्यादेखत ब्राँझची जुनी फ्रेंच मूर्ती घेतली. पळणाऱ्या उघड्या अप्सरेला कमरेला धरणारा दाढीवाला देव. तिकडच्या पुराणातला. पुढं त्यानं मला मुद्दाम पेढीवर बोलावलं. बघतो तर देव गायब! चिंचेनं घासून घागरीसारखी लखलखीत केलेली बाई एकटीच त्याच्या गादीसमोर उभी.

"तांबटाकडनं देव कापून काढला," पोटावरनं हात फिरवत तो म्हणाला. "आवं, घरात लेकीबाळी हायत. असला चावटपणा चालंल व्हय?"

केवढी ती लेकीबाळींची काळजी! बाई मात्र उघडीच ठेवली होती शहाण्यानं. तिच्या कमरेत देवाची तुटकी बोटं अजून रुतलेली होती. किंकाळी फोडायला तिनं तोंड उघडलं होतं.

तो कौतुकानं म्हणाला, "बघा, कशी हसतीया!"