धवलारणीचा शूटिंगवाला पोरगा

पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत ‘चंद्राई डिजिटल’ नावाचा फोटो स्टुडिओ आहे. दुकानाला आईचं नाव देणारे पुष्कळ असतात, पण निकेशच्या बाबतीत त्यात थोडी धंद्याची अक्कलही होती. त्याची आई चंद्रावती ही सुकापूरची धवलारीण. आगरी लग्नात भटजी येतो तो मंगलाष्टकांपुरता. त्याआधीचं सगळं, मांडवात उंबराची फांदी लावण्यापासून नवरदेवाला हळद लावण्यापर्यंत, धवलारणीच्या हातात आणि गळ्यात असतं. ती धवले गाते आणि त्या गाण्यांचं बोट धरून एकेक विधी पुढे सरकतो. आसपासच्या गावांत चंद्रावतीला हळदीचं बोलावणं आलं की शूटिंगची ऑर्डर आपसूक निकेशला यायची. मायलेक एकाच स्कूटरवरून निघायचे. पुढे पोरगा आणि मागे मांडीवर कॅमेऱ्याची बॅग घेऊन बसलेली आई.

लग्नाचं शूटिंग शिकायला जाणाऱ्या पोराला उस्ताद पहिला धडा देतो तो हा, की एडिटिंगला बसलास की आधी मूळ आवाज बंद कर. त्यात चूक म्हणावं असं काहीच नाही. मूळ आवाजात काय असतं? रडणारी पोरं, भांड्यांची आदळआपट, ‘ए, लाईट इकडं मार’ आणि कुणाच्या तरी मेव्हण्याच्या शिव्या. लोकांना हवं असतं सिनेमातलं गाणं. मग हळद सिनेमाच्या गाण्यावर, वरात सिनेमाच्या गाण्यावर आणि पाठवणी तर असायचीच. निकेश या कामात तरबेज होता. इतकी वर्षं त्याने प्रत्येक हळदीत आईला टिपलं, कपाळावर मळवट, हातात तांदळाचं सूप, ओठ हलतायत. आणि तितकी वर्षं तिच्या हलत्या ओठांवर मुंबईच्या कुठल्यातरी गायिकेचा आवाज चढवला. मूळ फुटेज सीझन संपला की पुसून टाकायचं, कारण पुढच्या लग्नांना कार्डं आणि डिस्क मोकळ्या लागतात. चंद्रावती ते व्हिडिओ बघायची आणि म्हणायची, “गला माजा नाय, पन साडी मातुर बरोबर दिसतंय.”

अशा या माणसाला माहितीपटांचा नाद कुठून लागला, देव जाणे. फावल्या वेळात तो खाडीवर जाऊन कोळंबी पकडणाऱ्या बायकांना टिपायचा, त्याचे छोटे छोटे भाग जुळवायचा आणि कुणी बघितले नाहीत तरी मोबाईलवर टाकायचा. काशीराम, म्हणजे त्याचा बाप, मिठागरात उभी हयात घातलेला माणूस. तो म्हणायचा, दुकान टाकला तरी पोराला चिखल सुटत नाय. मग एका मराठी वाहिनीने ‘खांद्यावरचं जग’ नावाची स्पर्धा काढली. हौशी माणसांनी एकट्याने, एका कॅमेऱ्यासह देशोदेशी हिंडायचं, प्रत्येक देशातून एक छोटा माहितीपट करून पाठवायचा, परीक्षकांनी त्यावर गुण द्यायचे आणि दर फेरीला एकेकाला घरी बसवायचं. शेवटच्या फेरीत मात्र आपापल्या घरची गोष्ट सांगायची. लग्नाचं शूटिंग म्हणजे माहितीपट नव्हे, असं वाहिनीवाल्यांनीच ठरवलं, त्यामुळे निकेश हौशीत बसला. त्याची निवड झाली तेव्हा सुकापुरात त्याचा फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर तो मधे लहान आणि शुभेच्छुक चारी बाजूंनी मोठे.

निघायच्या आदल्या दिवशी चंद्रावती त्याच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. सून भाविका बॅग भरत होती.

“निकेश, जायच्या अगुदर दोन धवले भरून घे ना,” ती म्हणाली. “त्या नव्या कॅमेऱ्यात आवाज बरा येत असंल.”

“आये, तुझा मी शेवटाला ठेवलाय,” निकेश म्हणाला. “फायनलला तूच हायस. आता भरला तर मग त्याची मजा जाईल. घरचं काय पलून चाललंय?”

त्याचं खोटं नव्हतं. त्याच्या डोक्यात तो माहितीपट पुरता तयार होता. पहाटेचा मांडव, उंबराची फांदी, आईचा चेहरा आणि तिचा स्वच्छ आवाज, वर कुठलंही गाणं नाही. सगळ्यात चांगला घास माणूस शेवटाला ठेवतो, तसं त्याने आईला ठेवलं होतं. चंद्रावती “बरं” म्हणाली आणि बॅगेत सुक्या जवळ्याची पुडी कोंबून गेली.

निकेश जिंकत गेला. व्हिएतनाममध्ये त्याने मीठ ओढणाऱ्या बायका टिपल्या. तिथला चिखल त्याच्या ओळखीचा निघाला, आणि काशीराम टीव्हीसमोर बसून त्या बायकांच्या चुका काढत राहिला. मोरोक्कोत कातडी रंगवणारे, बोलिव्हियात लोकरीचं सूत कातणारा एक आंधळा. पण खरं नाव झालं ते जॉर्जियातल्या डोंगरातल्या म्हातारीमुळे. ती मयताला गाणारी बाई होती. निकेश तिच्या ओसरीवर कॅमेरा ठेवून बसला. मधे बोलला नाही, हलला नाही, तिला घाई केली नाही. ती थांबली तेव्हा थांबला आणि ती पुन्हा गाऊ लागली तेव्हा गुपचूप ऐकत राहिला. परीक्षक म्हणाले, या मुलाला ऐकता येतं. आजकाल कॅमेरा सगळ्यांकडे आहे, कान कुणाकडे नाही.

सुकापुरात तो भाग बघताना घर माणसांनी भरलं होतं. परीक्षकांचं ते बोलणं झाल्यावर सगळ्यांनी चंद्रावतीकडे बघितलं. ती पदराने तोंड पुसत म्हणाली, “तिचा बराच ऐकलान.” लोक हसले, तीही हसली. भाविकाला मात्र ते हसणं टोचलं आणि तिने ते निकेशला फोनवर कधी सांगितलं नाही.

अंतिम फेरीत पोचलेल्या स्पर्धकांना घरी सोडलं. निकेश परतीच्या वाटेवर इस्तंबूलच्या विमानतळावर बसला होता, तेव्हा भाविकाचा फोन आला. चंद्रावती सकाळी मासे साफ करता करता एका अंगावर कलंडली होती. डोक्यात रक्ताची गाठ. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली.

खांदा कॉलनीतल्या दवाखान्यात तो थेट बॅगेसकट गेला. आईने त्याला ओळखलं. डावा हात त्याच्या गालावर ठेवला, ओठ हलवले, काहीतरी सांगायला लागली आणि घशातून नुसती घरघर आली. तिलाच ते समजेना. ती पुन्हा पुन्हा करून बघत होती, अडलेली कडी ओढावी तशी. निकेश बाहेर येऊन जिन्यात बसला आणि ढसाढसा रडला. येणारेजाणारे त्याला ओळखत होते, टीव्हीवरचा म्हणून, आणि त्यांना बाजूने कसं जावं ते कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाई समंजस होत्या. त्या म्हणाल्या, “कधी कधी बोलणं जातं पण गाणं राहतं. मेंदूत दोन्हींची जागा वेगळी असते. प्रयत्न करून बघा. पण आशा फार लावून घेऊ नका.”

असं सांगितल्यावर माणूस दुसरं काय लावून घेणार? आईला घरी आणल्यावर निकेशने तिची खाट खिडकीजवळ घेतली, चांगल्यातला माईक लावला आणि शेजारच्या मालूला बोलावलं. मालू आणि इतर बायका जन्मभर चंद्रावतीच्या मागून गात आल्या होत्या. चंद्रावतीने ओळ टाकायची, यांनी झेलायची. मालू खाटेशी बसली, तिने चंद्रावतीचा हात धरला आणि हळदीच्या धवल्याची पहिली ओळ धरली, ‘हलद दला गो बायांनो, हलूहलू दला.’ चंद्रावतीचा चेहरा उजळला. तिने मान डोलावली, ठेका बरोबर धरला, तोंड उघडलं आणि ‘आ’ एवढाच एक लांब सूर निघाला. तोही मधेच फाटला. तिने दुसऱ्यांदा करून बघितलं. तिसऱ्यांदा करताना तिची नजर माईककडे गेली, मग पोराच्या चेहऱ्याकडे गेली, आणि तिने डाव्या हाताने कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. निकेशने पुन्हा तो तिच्यासमोर लावला नाही.

“मालूकाकी, तूच गाशील का पुढं?” त्याने विचारलं.

“मी कशी गाऊ?” मालू म्हणाली. “आमी तिच्या मागून गायचो. पुढचा तिलाच येवाचा.”

मग तो दुकानात गेला. शटर अर्धं ओढून त्याने होत्या नव्हत्या तेवढ्या डिस्क लावून बघितल्या. प्रत्येक हळदीत आई होती. तरुण आई, चष्मा लागलेली आई, केस पांढरे झालेली आई, आणि प्रत्येकीच्या तोंडून सिनेमातली बाई गात होती. त्याने गाणं बंद केलं तर खाली काहीच नव्हतं, अगदी शांत. ज्यांची लग्नं त्याने टिपली होती त्यांच्या घरी तो गेला. लोकांनी आपुलकीने चहा दिला, अल्बम काढले, पेन ड्राइव्ह काढले. सगळीकडे त्याच्याच हातचं काम होतं, नेटकं, चकचकीत आणि बिनआवाजाचं. विचुंब्यातला एक जण तर कौतुकाने म्हणाला, “तुमी आवाजाचा मिक्सिंग लय भारी केलाव हां.” निकेशला त्याच्याकडे बघवेना.

शेवटी मालूच आली. तिच्या जुन्या फोनमध्ये, काच तडकलेल्या, तिच्या लेकीच्या, अंकिताच्या हळदीचा एक तुकडा सापडला होता. तिने तो आंधळेपणाने काढलेला, अर्धं चित्र मांडवाच्या बांबूचं. पण आवाज होता. निकेशने फोन कानाला लावला.

चंद्रावती गात होती. ‘हलद दला गो बायांनो, हलूहलू दला, लेक माजी पोर हाय, डोला तिचा लागला.’ जरा घोगरा, रुंद, घाई नसलेला आवाज. बायकांनी ओळ झेलली. चंद्रावती पुढची ओळ उचलणार, तेवढ्यात एका पुरुषाचा आवाज आला.

“आये, बस कर आता. डीजेवाला खोलंबलाय.”

“थांब रं, येक कडवा राह्यलाय.”

“कोन ऐकतंय त्यो?”

मग चंद्रावतीचं हसू, आणि “बरं बाबा, तू म्हनतंस तं,” आणि त्यावर धाडकन आदळलेला डीजे.

तो आवाज निकेशचाच होता. त्याला ती हळद आठवत होती, डीजेवाला आठवत होता. हे बोलल्याचं तेवढं आठवत नव्हतं. असं तो प्रत्येक हळदीत बोलत असणार, म्हणूनच ध्यानात राहिलं नसेल. मालू त्याच्याकडे न बघता म्हणाली, “तिना कदी वायट नाय वाटून घेतला रं.” त्याने ते आणखीच लागलं.

अंतिम फेरीचं काम बघणारी रेवा नावाची मुलगी मुंबईहून आली होती. तिने तो तुकडा ऐकला आणि तिचे डोळे खरोखर भरून आले. जरा वेळाने ती म्हणाली, “निकेश, आईच्या ओळी तेवढ्या ठेव. तुझा आवाज काढून टाक. तिथेच शांतता येऊ दे, तिथेच संपव. तू जिंकतोयस.” ती काही दुष्ट नव्हती. तिचं म्हणणं बरोबरही होतं.

निकेश एडिटिंगला बसला. स्वतःचा आवाज काढणं त्याला एका बोटाचं काम होतं, आयुष्यभर तेच तर केलं होतं. त्याने काढून बघितलं. मग त्याच्या लक्षात आलं की त्याच्या बोलण्याबरोबर आईचं “थांब रं” जातं, तिचं हसू जातं आणि तिचं “बरं बाबा” जातं. आईने त्याच्याशी बोललेलं या जगात शिल्लक होतं ते एवढंच, आणि ते त्याच्या त्या वाक्याला चिकटलेलं होतं. त्याने सगळं जसंच्या तसं परत ठेवलं आणि पाठवून दिलं.

अंतिम भाग लागला त्या संध्याकाळी घरी फार माणसं बोलावली नव्हती. काशीराम, भाविका, मालू आणि खाटेवर उशांना टेकून चंद्रावती. निकेश दाराशी उभा होता, आत येऊन बसायचं त्याला धाडस होत नव्हतं. टीव्हीतून तिचा आवाज आला तशी चंद्रावती सावरून बसली. डाव्या हाताने ठेका धरला. मग ते वाक्य आलं, सगळ्या महाराष्ट्रासमोर. काशीरामने मान खाली घातली. टीव्हीतली चंद्रावती हसली, “बरं बाबा” म्हणाली, आणि डीजे आदळला तसा पडदा काळा झाला.

खाटेवरच्या चंद्रावतीचा हात थांबला नाही. डोळे मिटून ती तशीच बोटांनी ठेका देत राहिली आणि तिचे ओठ हलत राहिले. बराच वेळ. निकेश दारातून धावत आला, खाली बसला, त्याने तिच्या तोंडाशी कान नेला. ती राहिलेलं कडवं म्हणत होती. त्याला फक्त तिचा श्वास ऐकू आला.