बाळकृष्ण अकोल्याला कसे गेले

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बायांनो! एवढे उपासतापास करणारी बाई मी, पण मत्सरानं असा काही घोळ घातला की विचारू नका.

माझी धाकटी जाऊ शुभांगी अकोल्याला शाळेत इंग्रजी शिकवते. दर आषाढात ती अमरावतीला आमच्याकडे येते आणि सासूबाईंना श्रावणासाठी घेऊन जाते. यंदा माझ्या श्रावणी सोमवारांचं उद्यापन. ते सासूबाईंच्याच हातून व्हावं, एवढीच माझी आस. आणि महादेवानं ऐकलं! सासूबाई राहायला कबूल झाल्या.

मग गप्प बसावं ना? पण शुभांगी चहा पिताना म्हणाली, "आई, हॉलिडे म्हणजे मुळात सुट्टी नव्हेच. पवित्र दिवस! इंग्रजांकडेही सणावारालाच कामं बंद असायची."

"अवो माय! केवढं माहीत आहे पोरीले!" सासूबाईंचा चेहरा असा खुलला, की इकडे माझे कढईतले शेंगदाणे करपले. मीही करपलेच म्हणा!

रात्री मोबाइल घेऊन बसले. असाच एखादा इंग्रजी शब्द शोधता शोधता हिराच सापडला.

सकाळी ऑटो दारात आला. शुभांगी बसली. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "गुडबाय, शुभांगी!" आणि सासूबाईंकडे वळले. "आई, याचा मूळ अर्थ ठाऊक आहे? देव तुमच्यासोबत असो!"

सासूबाईंनी हात जोडले. "म्हणजे देव इच्यासंगं अकोल्याले चालले?"

"हो तर! थेट घरापर्यंत!" मी फुगून म्हटलं.

"मंग मी इथं काहून बसू वं?"

त्या तडक देवघरात गेल्या. बाळकृष्णाला स्वच्छ रुमालात गुंडाळलं, दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि चपला शोधू लागल्या.

"अहो आई, ती नुसती म्हणायची पद्धत!"

"वा वं! देवाचं नाव घेऊन नुसतंच म्हणतं का कोणी? सोमवार करून राहिली ना तू?"



ऑटोतून शुभांगी म्हणाली, "ताई, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. पण असा परिणाम कधीच झाला नाही हो!"

शेवटी उद्यापन अकोल्यात झालं. शुभांगीच्याच स्वयंपाकघरात! मी परत निघताना सासूबाई दारापर्यंत आल्या आणि मायेनं म्हणाल्या, "गुडबाय वं, सूनबाई."

मी पिशवी उघडून वाट पाहत उभी राहिले. बाळकृष्ण काही जागचे हलले नाहीत!