बॉक्सरूममधला गांजा

मी गांजा लावला तेव्हा मला बेचाळिसावं वर्ष चालू होतं. नवरा डॉक्टर होता आणि लेक युनिव्हर्सिटीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचं नसेल त्यांनी इथेच पान उलटावं.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही लंडनच्या कडेला, पिनरला राहत होतो. मला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मज्जातंतूंचा आजार होऊन सहा वर्षं झाली होती. हा आजार सांगितला की लोक आधी हळहळतात आणि मग विचारतात, बरं कधी वाटणार? वाटत नाही. माझे पाय गेले असते तर एक वेळ परवडलं असतं. ते होते आणि आपल्या मर्जीने वागत होते. दुपारी स्वयंपाकघरात बसलेली असताना पोटरी अशी आवळून यायची की हातातला नॅपकिन दातांत धरून बसावं लागे. दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मग सगळं शांत, आणि पुन्हा कधी होईल याची वाट बघणं.

नवरा जवळच वॉटफर्डला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होता. ओळखीच्या न्यूरॉलॉजिस्टना गाठून गाठून त्याने मला मिळतील त्या गोळ्या मिळवून दिल्या. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी स्नायू खरंच सैल होत, इतके की मी खुर्चीतून घरंगळून खाली यायची. हळूहळू त्याच्याकडचे उपाय संपले आणि तो दवाखान्यातून उशिरा घरी यायला लागला. दिवसभर परक्यांचे घसे बघतोस आणि माझ्याकडे बघायला तुला होत नाही, असं मी त्याला तोंडावर म्हणायची. आमच्यात अरे-तुरे होतं, सासूबाईंना ते कधीच आवडलं नाही, पण भांडणाला फार सोयीचं.

दर बुधवारी कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, मिनीबस येऊन आम्हा अधू मंडळींना चर्चच्या हॉलमध्ये नेऊन सोडायची. तिथे चहा, बिस्किटं आणि टोपल्या विणणं. मला त्या टोपल्यांचा तिटकारा होता. माझ्या शेजारी एक गोरी बाई बसायची. शाळेत मुलांना जेवण वाढायचं काम करून रिटायर झालेली, हात सतत थरथरणारे, जीभ माझ्याहून तिखट. एकदा चहात बिस्किट बुडवता बुडवता तिने सांगितलं की पाय आवळले की ती गांजा ओढते.

"इट जस्ट लेट्स गो, लव्ह," ती म्हणाली.

तयार माल द्यायची तिची तयारी नव्हती, तिचं तिलाच पुरत नव्हतं. पुढच्या बुधवारी तिने कॅमेऱ्याच्या रोलची एक रिकामी डबी माझ्या पर्समध्ये टाकली. आत पाच बिया होत्या.

नवऱ्याला सांगणं शक्यच नव्हतं. पंधरा वर्षं त्याने सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्या करत सगळं इंग्लंड पालथं घातलं होतं, तेव्हा कुठे वॉटफर्डची पार्टनरशिप मिळाली होती. एखाद्या पेशंटचं तक्रारीचं पत्र आलं तरी तो दोन दिवस जेवायचा नाही. घरात गांजा सापडला असता तर त्याचं रजिस्ट्रेशन गेलं असतं आणि त्याच्यामागे घर, लेकीचं शिक्षण, सगळंच. हे मला नीट कळत होतं. तरीही मी त्या बिया भिजत घातल्या.

बी रुजवायचं कसं, हे मी त्या बाईला विचारलंही नाही. पुण्याच्या बाईला मोड आणायला काय शिकवायचं? रात्रभर भिजवल्या, सकाळी ओल्या फडक्यात बांधल्या आणि एअरिंग कपबर्डमध्ये ठेवल्या. गरम पाण्याच्या टाकीवर टॉवेल वाळवायचं जे कपाट असतं, ते. हिवाळ्यात माझं दही तिथेच लागायचं आणि मटकीलाही तिथेच मोड यायचे. मटकीच्या मोठ्या गाठोड्याला टेकून हे चिमुकलं गाठोडं बसलं होतं. तिसऱ्या दिवशी पाचांतल्या तिघींना मोड आले आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

ते टिकलं नाही. मोड बॉक्सरूममध्ये कुंड्यांत लावले. बॉक्सरूम म्हणजे वरची सगळ्यांत लहान खोली. तिथे सुटकेसी आणि लेकीची जुनी पुस्तकं असायची. नवरा वर्षातून दोनदाच तिथे जायचा, भारतात जाताना सुटकेस काढायला आणि परत आल्यावर ठेवायला. लेकीचा अभ्यासाचा दिवा मी कुंड्यांवर वाकवला, पडदे ओढले आणि रोज सकाळी अंघोळ झाली की तांब्याभर पाणी घालायला लागले. झाड म्हटलं की मला तुळसच माहीत, आणि तुळशीला रोज पाणी घालायचं असतं एवढंच ठाऊक. पिनरच्या फेब्रुवारीत, बंद खोलीत, दोन रोपं कमरेत वाकून आडवी झाली. तिसरं वाचलं, कारण मला आठवडाभर ताप आला आणि मी अंथरुणातून उठलेच नाही.

त्या एका झाडाने मग मला धरून ठेवलं. सकाळी एकदा खाली उतरलं की झोपेपर्यंत वर जायचं नाही, असा आमचा नियम होता. तो मी मोडला. दुपारी तेरा पायऱ्या बसून, उलटी, हातांवर भार देत चढायची. वीस मिनिटं चढायला, पंचवीस उतरायला. झाड ढिम्म असायचं. दिव्याकडे मान लांब करून ते वाढत होतं, लुकडं आणि फिकट. मी समोर बसून त्याची पानं मोजायची. वास यायला लागला तेव्हा सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावली. नवरा म्हणाला, देवाधर्माचं फार करायला लागलीस. आजारी बायकांचं असं होतं, असंही त्याने ऐकवलं.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू दर वर्षी माझ्याकडे असायचं. वीस-पंचवीस बायका, आंब्याची डाळ, पन्हं. एप्रिलमध्ये सगळ्या कोट घालून येतात आणि ते कोट वरच्या बेडवर टाकायला वर जातात. शिवाय आपल्या बायका एकदा वर गेल्या की एक खोली बघून थांबत नाहीत. नवे पडदे कुठले, कार्पेट कुठून घेतलं, ही खोली कसली, सगळं बघून होतं. त्या वर्षी मी हळदीकुंकू केलं नाही. बरं नाही, असं सगळ्यांना फोनवर सांगितलं.

माझी एक जुनी मैत्रीण तरीही आली, आइस्क्रीमच्या डब्यात डाळ घेऊन. बोलता बोलता उठली आणि म्हणाली, "वरचं टॉयलेट वापरते गं, एका मिनिटात येते." खालचं टॉयलेट माझ्यासाठी बांधलं होतं, सगळीकडे धरायच्या दांड्या, उंच सीट, आणि तिला ते बघवत नसे. मी काठी टाकून जिन्याकडे गेले आणि तिसऱ्या पायरीवर बसले.

"वर जाऊ नकोस," मी म्हणाले.

"का? काय झालं?"

"पसारा आहे."

"मला कसला पसारा? तू सरक तर."

मी सरकले नाही. तिचा आवाज खाली आला. "तो वर झोपतो का वेगळा?"

मी तिला तसंच समजू दिलं. महिन्याभरात वॉटफर्डपासून हॅरोपर्यंत सगळ्या मराठी घरांत पसरलं की आमचं पटत नाही. हळूहळू फोन कमी झाले, मग बंदच झाले. मी स्वतःचं दार आतून लावून घेतलं होतं आणि राग मात्र मला बाहेरच्यांचा येत होता. नवऱ्याची बदनामी झाली त्याचंही, खरं सांगते, मला फारसं वाईट वाटलं नाही. घरी वेळेवर आला असता तर झाली नसती.

जूनच्या शेवटी झाडाला काहीतरी आलं. पानांच्या बेचक्यांत हिरवे बारीक मणी, घोसाने लटकलेले. मी आनंदाने चर्चमधल्या त्या बाईला फोन केला. पांढरे केस दिसतात का, तिने विचारलं. नाहीत. नुसते मणी? हो.

"ओ डिअर," ती म्हणाली. "दॅट्स अ मेल, लव्ह. टाकून दे. नराचा काही उपयोग नसतो."

पाच महिने. त्या पाच महिन्यांत मी घरात कुणाला जिन्यावर पाऊल टाकू दिलं नव्हतं आणि स्वतः बुधवारखेरीज बाहेर पडले नव्हते. टाकून दे म्हणे. झाड माझ्या छातीपर्यंत आलं होतं आणि मी उलटी बसून जिना उतरायची. कुंडी घेऊन उतरणार कशी? कापायचं ठरवून दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातली कात्री पदरात खोचून वर गेले. तासभर समोर बसले. कात्री लावली नाही. परत उतरताना सातव्या पायरीवर पाय आवळला आणि मी खाली आले.

तीन तास जिन्याशी पडून होते. दार चार पावलांवर. पोस्टमन येऊन पत्रं टाकून गेला, आणि मी त्याला हाक मारली नाही, कारण लोक आले असते तर मला उचलून वर बेडवर नेऊन ठेवलं असतं. त्या तीन तासांत मला पहिल्यांदा कळलं की मी स्वतःचं काय करून घेतलं आहे. मला आतून भयंकर भीती वाटली.

शेवटी नवऱ्याने घरी येऊन मला उचललं. हाड मोडलं नव्हतं, पण पायऱ्या बंद झाल्या. माझा बेड डायनिंग रूममध्ये आला. त्यानंतर कौन्सिलचं पत्र आलं. बसल्या बसल्या जिना चढवणारी विजेची खुर्ची लावायची, तिचं माप घ्यायला बाई येणार, गुरुवारी, आणि वरच्या सगळ्या खोल्या बघणार. मंगळवारी संध्याकाळी नवरा घरी आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. बिया, मटकीचं फडकं, उदबत्त्या. फक्त ते नर आहे हे सांगितलं नाही. इतके महिने मी जो वेडेपणा केला तो कशाकरता तरी होता, असं एका माणसाला तरी वाटावं, एवढंच मला हवं होतं.

तो वर गेला. बराच वेळ खाली आला नाही. मी मनाशी सगळी भांडणं तयार ठेवली. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडलेला होता. "गुरुवारी मी लीव्ह घेतो," एवढंच म्हणाला.

पिवळ्या सिग्नललाही थांबणारा माझा नवरा. गुरुवारी सकाळी त्याने झाडावर डबल बेडची चादर टाकली, ते गाडीच्या मागच्या सीटवर आडवं केलं आणि कौन्सिलची बाई जाईपर्यंत स्टेशनच्या कार पार्कमध्ये जाऊन बसला. परत आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. एक फांदी मोडली होती, तिला त्याने क्रेप बँडेज बांधलं होतं. मग ते झाड माझ्या बेडशेजारी, पडद्याआड आलं.

त्यानंतर तो साडेसहाला घरी यायला लागला. रोज. खुर्ची ओढून झाडाशेजारी बसायचा, माती बोटाने चाचपायचा, पानं उलटून बघायचा. "कधी तयार होईल?" विचारायचा. मी म्हणायची, होईल. बेल वाजली की ताडकन उठायचा, पडद्याच्या फटीतून बघायचा, आणि शेजारी असला तरी त्याच्या मानेवरची शीर उडत राहायची. ती भीती मला ओळखीची होती, सहा महिने मी तीच पांघरून बसले होते. एका शब्दात मी त्याला सोडवू शकत होते. सोडवलं नाही. तो माझ्याबरोबर कोंडलेला होता आणि मला ते हवं होतं. याची मला लाज वाटते, तेव्हाही वाटत होती.

ऑगस्टमध्ये मणी उमलले आणि पिवळी भुकटी सगळीकडे पडायला लागली, उशीवर, पाण्याच्या ग्लासात, टेलिफोनवर. एका संध्याकाळी तो ओलं फडकं घेऊन खिडकीची पट्टी पुसत होता. बेल वाजली. कुणीतरी पत्ता चुकलेला माणूस होता, पण परत आला तेव्हा माझा नवरा पुसून झालेली पट्टीच पुन्हा पुसायला लागला. मग मला राहवेना.

"ते नर आहे," मी म्हणाले. "त्याचा काही उपयोग नाही. मला जूनपासून माहीत आहे."

तो पुसायचा थांबला नाही.

"मला इंटर सायन्सला बॉटनी होती," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी वर गेलो तेव्हाच दिसलं."

"मग ठेवलंस कशाला? आणि ते गाडीत घालून, तिथे कार पार्कमध्ये..."

त्याने फडकं घडी घालून पट्टीवर ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"बाकी काहीच उरलं नव्हतं माझ्याकडे," तो म्हणाला, "तुला द्यायला."