बुडाखालचं वाद्य

प्रवासी जहाजावर वाजवायच्या नोकरीसाठी मी निघालो आणि मेडशीच्या फाट्यावर बाबांनी माझी बॅग एसटीत चढवली, तेव्हा पैशाचं, जेवणाचं, समुद्राचं ते काहीच बोलले नाहीत. बाकी सगळ्या गावाला मी बुडेन याचीच काळजी होती. माय तर महिनाभर एकच विचारत होती, "बाप्पा, पान्यावर लोकं कायले नाचतात? जमिनीवर जागा नाई काय?" बाबा खिडकीखाली उभे राहून म्हणाले, "गजू, वाजवाले जाऊन राह्यला. वाद्याले पाय नको लागू देजो." मी हो म्हणालो. माझं अर्धं लक्ष न सरकणाऱ्या काचेकडे होतं.

मेडशीतल्यांना हे माहीत आहे, पण माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठी सांगतो. माझे बाबा, सुदामभाऊ, आमच्या भजनी मंडळात तीस वर्षं मृदंग वाजवत होते. हरिपाठाआधी ते कणीक भिजवायचे, मृदंगाच्या डाव्या पानाला, म्हणजे डावीकडच्या कातड्याला, लावायचे, मृदंगाला हात लावून तो हात कपाळाला लावायचे आणि मगच पहिली थाप. मृदंग ओलांडायचा नाही, त्याला पाठ टेकायची नाही, पाय तर स्वप्नातही लावायचा नाही. एकदा त्यांच्या जिवाभावाच्या मित्राचा, टाळ वाजवणाऱ्या नामदेवकाकांचा, उठताना मृदंगाला पाय लागला. चुकून लागला, सगळ्यांनी पाहिलं. तरी बाबांनी त्यांना नारळ फोडायला लावला आणि एक महिना मंडळात बसू दिलं नाही. नामदेवकाका महिनाभर देवळाच्या पायरीवर बसून टाळ्या वाजवत होते. मला तेव्हाही तो अतिरेक वाटला होता, पण बाबांपुढे बोलायची माझी टाप नव्हती.

जहाजावर मी थिएटरच्या बँडमध्ये आहे. दोन मजली थिएटर, मखमली खुर्च्या, संध्याकाळी सातचा शो. समोर नाच, जादू, कसरती, आणि एका बाजूला आम्ही पाच जण. इथे कोणालाच गजू म्हणता येत नाही म्हणून मी गॅज झालो. पहिल्या रिहर्सलला मी सवयीने बूट विंगेतच काढले आणि अनवाणी स्टेजवर गेलो. स्टेज मॅनेजर धावत आली. जहाज हलतं, पाय घसरेल, बूट घाला, हा सेफ्टीचा नियम आहे, म्हणाली. मी निमूट घातले. बूट घालून वाद्याजवळ बसायची सवय व्हायला मला आठवडाही लागला नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला बँडवाल्यांनी मला वाजवायला एक लाकडी पेटी दिली. आपली बाजाची पेटी नव्हे. हा खोका असतो, त्याच्यावरच बसायचं आणि दोन पायांच्या मधून त्याच्या पुढच्या फळीवर हातांनी वाजवायचं. साता समुद्रापलीकडे ती मोठी मानाची गोष्ट आहे. मृदंगावर तयार झालेला हात त्याच्यावर असा बसला की विचारू नका. एका शोमध्ये मला तीन मिनिटं एकट्याला दिली आणि सगळं थिएटर उभं राहिलं. मी हवेत होतो. पुढच्या बंदरात वायफाय मिळताच तो व्हिडिओ मी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. कोणी मागितला नव्हता. मीच, मोठा शहाणा, टाकला.

पुढचं मायकडून कळलं. हरिपाठ संपल्यावर देवळात सगळ्यांनी एकाच फोनवर तो पाहिला. आधी सगळे खूश झाले. मग नामदेवकाका हसत म्हणाले, "सुदामभाऊ, आमचा तं पाय लागला होता. तुमचा पोट्टा तं वाद्यावरच बसून राह्यला." सगळे हसले. बाबाही हसले म्हणे. मग त्यांनी कणीक खरवडून काढली, मृदंग चादरीत गुंडाळला आणि घरी आणून फळीवर ठेवला. त्यानंतर ते देवळात गेले नाहीत. मी फोन केला की माय म्हणायची, "ते वावरात गेले." रोज, कोणत्याही वेळी, वावरात.

मला राग आला. खोकाच तसा आहे, त्याला मी काय करू? म्हणून सुट्टीवर येताना मी एक खोका विकत घेऊन मेडशीला आणला. वाटलं, दाखवलं की विषय संपेल. बाबा त्याच्याभोवती फिरले, बोटाने वाजवून पाहिला, मागचं भोक पाहिलं. "वाजव," म्हणाले. मला त्यांच्यासमोर त्याच्यावर बसवेना. मी बूट काढले, जमिनीवर मांडी घातली, खोका आडवा करून वाजवायला लागलो. आवाज रिकाम्या पिंपासारखा. "असा नसन वाजत तो," बाबा म्हणाले. "बस त्याच्यावर."

मी खोक्याच्या पाया पडून त्याच्यावर बसलो. वाजवलं, अगदी जीव ओतून. बाबांनी डोळे मिटले होते. थांबलो तेव्हा ते म्हणाले, "हात चांगला हाये तुहा. त्याले बनवलंच बसासाठी, तं त्यात तुही चूक नाई." मला हायसं वाटलं. मी म्हणालो, मग चला आज हरिपाठाला. "मी नामदेवाले उठवलं होतं," ते म्हणाले. "त्याचाई पाय चुकूनच लागला होता. तवा मी आयकलं नाई त्याचं. आता माह्या घरचं आलं तं सूट घेऊ काय?"

मी तसाच नामदेवकाकांकडे गेलो. ते रडकुंडीला आले होते. "म्या मजाक केली रे गजू. रोज बोलवाले जातो. महिना झाला, दोन झाले, आता तं साल होईन. तो म्हनते, तुह्यासाठी महिना होता, माह्यासाठी जास्त पाह्यजे." खोका मी मायच्या खोलीत ठेवून परत निघालो. फाट्यावर बाबांनी पुन्हा बॅग चढवली. यावेळी त्यांनी काहीच बजावलं नाही, आणि मी एसटीत बसून वाट पाहत होतो की ते काहीतरी म्हणतील.

आता जहाजावर रोज शोआधी मी तिथल्या खोक्याला हात लावतो, तो कपाळाला लावतो आणि मग बसतो. बाजूचा फिलिपिनो गिटारवाला समजतो, हा माझा लकी चार्म आहे. लोक टाळ्या वाजवतात, मीही मान झुकवतो. शो संपला की केबिनमध्ये जाऊन ग्रुपवर आलेलं हरिपाठाचं रेकॉर्डिंग ऐकतो. टाळ आहे, नामदेवकाकांचा चढा आवाज आहे. जिथे थाप पडायला हवी तिथे माझी बोटं पलंगाच्या कडेवर आपोआप पडतात. मेडशीच्या भजनात मृदंग नाही, आणि तो माझ्यामुळे नाही. घर म्हटलं की मला आता एवढंच ऐकू येतं.