सत्तर पानांचा पुडा आन मिशनची शाळा

माही पोरगी मिशनच्या शाळेत शिकली, म्हनून गावातल्या बाया आताही मले इचाराले येतात. "आजी, पोराले तिथी टाकाचं आहे, काय काय लागते वो?" मी म्हनते, पयले तं त्याईच्या हापिसात चपल घालून जा. दारात चपल काढनाऱ्याले ते खुर्ची देत नाई. मी काढली होती. दोन घंटे भितीले टेकून उभी होती.

लोकाईले वाटते, मिशनवाले धरम बाटवाले बसले आहेत. माही मोठी जाऊ मले आंगनात उभी राहून म्हने, "सासऱ्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, देव नदीत सोडले, आन तू आता पोरीच्या गळ्यात क्रूस घालून राह्यली काय?" अवो बाई, कोन घालते क्रूस? माह्या पोरीले त्याईनं वर्षभर शाळेत नाई घेतलं. बाटवाले पयले आत तं घ्या लागते!

आमच्या गावाले शाळा होती. नावाची. गुरुजी आठवड्यातून एक डाव फटफटीवर याचा, सगळ्या दिवसाच्या सह्या करून जायाचा. बाकीचे दिवस वर्गात बकऱ्या बसत. दवाखान्यातली नर्सबाई मिशनमधे शिकली होती. ते औषधाच्या शिशीवरचं नाव एका दमात वाचे आन डाक्टरलेही उलटून बोले. मी तिले पाह्यलं आन ठरवलं, माही पोरगी तिथीच जाईन. नाई तं बकऱ्यामागं जाईन. मधला रस्ता आमच्याकडे नव्हता.

पन शाळेत नाव कसं टाकतात हे मले कुठी माहीत? आमच्याकडे जून लागला का गुरुजीच दारोदार फिरे. "कोन्तं लेकरू सा वर्साचं झालं?" म्हनून इचारे, आन अंगठा घेऊन नाव लिहून ने. मले वाटलं मिशनवालेही येतीन. खोटं नाई सांगत, मी जून महिन्यात पोरीले तेल लावून, वेनी घालून तीन दिवस ओट्यावर बसवून ठेवली. रस्त्यावर कोनी दिसलं का पोरगी उभी राहे. माहा नवरा म्हने, "हे काय लग्नासाठी पाहाले येऊन राह्यले काय तिले?"

मंग चौथ्या दिवशी मीच गेली. आरमोरीपर्यंत पायी, तिथून यष्टीनं. हापिसात एक बाबू होता, डोक्याले तेल, खिशात दोन पेन. मले पाहून एकही पेन नाई काढला त्यानं.

"बाई, फॉर्म एप्रिलमध्येच संपले."

"एप्रिलात आमी मोहफुलं वेचत होतो, भाऊ."

"मग वेचा अजून. पुढच्या वर्षी या."

तं हे पयली गोष्ट ध्यानात ठेवा. ज्या टायमाले जंगलातले लोक जंगलात असतात, त्याच टायमाले हे फॉर्म देतात. मुद्दाम करतात असं मी म्हनत नाई. आमी आहोत हेच त्याईले ठाऊक नसते, मुद्दाम कुठून करतीन?

एक साल गेलं. गुरुजीले मी पटावर नाव टाकू नाई देलं, काऊन का कोनी सांगतलं, दोन ठिकानी नाव असलं तं मिशनवाले घेत नाई. पोरगी घरी राह्यली. मोहफुलं वेचली, मे महिन्यात माह्यासंगं बिडीचा तेंदूपत्ता तोडला, दुपारी झाडाखाली बसून पानाचे पुडे बांधले. मोजनं तिले तिथीच आलं. मी शिकवलं.

दुसऱ्या साली होळी झाली आन मी निंगाली. झाडाखाली मोहाचा सडा पडला होता. नवरा म्हने, "हे कोन उचलन?" मी म्हनली, "तू उचल. तुह्ये हात काय मोडले?" फॉर्म आनला. भराले गुरुजीकडेच जा लागलं, दुसरं लिहिनारं कोन? तो म्हने, "काऊन, माह्या शाळेत काय काटे आहेत?" मी म्हनली, "काटे नाई गुरुजी, लेंड्या आहेत." भरला बिचाऱ्यानं.

मंग परीक्षा. पोरीची आन माय-बापाची बी. आमच्या अंगोदर राइसमिलवाल्याची बायको होती, तिचा पोरगा खुर्चीखाली लपून रडत होता, नाक गळत होतं. त्याले पाच मिनटात घेतलं. मंग बाबू मले म्हने, "शिकलेली नाही ना तू? मग आत तोंड बंद ठेव."

आत सिस्टर होती. लांबची, दक्षिनेकडची. मराठी तिची पुस्तकातली. तिनं पोरीले सांगतलं, "मोजून दाखव." पोरीनं माह्याकडे पाह्यलं आन सुरू झाली. एक, दोन, तीन. कुठीच अडखळली नाई. बोटं हालत होती, पानावर पान ठेवल्यावानी. अडुसष्ट, एकोनसत्तर, सत्तर. थांबली. हातानं गाठ मारल्यावानी केलं. आन पुन्हा, एक, दोन, तीन.

बाबू दारातून हासला. "सत्तरवर गाडी पलटली!"

सिस्टर म्हने, "शंभरपर्यंत येत नाही. हिला केजीत बसवा."

केजी म्हंजे चार वर्साचे लेकरं. लाळ गळनारे. माही पोरगी सात वर्साची, त्याईच्यात घोडीवानी दिसली असती. मले तोंड बंद ठेवाले सांगतलं होतं. मी उघडलं.

"बाई, तेंदूचा पुडा सत्तर पानाचा असते. सत्तर झाले का सालीच्या वाकानं बांधाचा आन दुसरा धराचा. तिले थांबाले मी शिकवलं. तिले येत नाई असं नाई."

सिस्टर खुर्चीतून पुढं वाकली. मंग पोरीले म्हने, "दोनशे पानं दिली तर?"

पोरगी म्हने, "दोन पुडे. आन तिसऱ्याले धा पानं कमी."

तं त्या बाईनं काय करावं? शेजारच्या खोलीतून दुसरी सिस्टर बलावली. "ऐका, ऐका," म्हने. पुन्हा इचारलं. मंग फादर आला. तिसऱ्यांदा इचारलं. तिघंही खुश होऊन हासून राह्यले. दारावर नंदीबैल येते, मान हालवते, लोक पुन्हा पुन्हा हालवाले लावतात, तसं. पोरगी दर वक्ताले बराबर सांगे आन माह्याकडे पाहे, का आपलं काही चुकलं काय?

मी म्हनली, "बाई, हे नंदीबैल नोहे. पयलीत घेता का नाई, तेवढं सांगा."

बाबूचा चेहरा पाहाचा होता. सिस्टर लाल झाली. पन फॉर्मवर तिनं पयलीच लिहिलं. तेवढं खरं सांगा लागन.

मंग बूट आले, मोजे आले. धानकापनीले सुट्टी नाई, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेले नाई, झाडीपट्टीचं नाटक आलं तरी नाई. होस्टेलात रोज प्रार्थना. पोरगी तोंड हालवे आन मनात आपली वंदना म्हने. मले तिनं एका रविवारी कानात सांगतलं. मी म्हनली, हालव तोंड, त्याले काय लागते?

दुसऱ्या मे महिन्यात पोरगी सुट्टीवर घरी आली. तेंदूचा सीझन होता. मी म्हनली, बस पुडे बांधाले. मी तोडत होती, ते बांधत होती. सांजच्याले पुडे घेऊन आमी फळीवर गेलो, म्हंजे पत्ता जमा करतात तिथी. पुडे मोजून घेनारा फळीमुन्शी लय बारीक नजरेचा मानूस. पैसे पुड्यावर भेटतात, पानावर नाई, म्हनून सदुसष्ट पानं असले तं तो पुडा फेकून दे. त्या दिवशी एकही पुडा नाई फेकला. गोड बोलला. मले तवाच शंका आली. हा मानूस फुकट गोड बोलत नाई.

मी एक पुडा हातात घेतला. जड लागला. सोडून मोजला. शंभर पानं. दुसरा सोडला. शंभर.

"काय केलं वं हे?" मी पोरीले इचारलं.

ते म्हने, "माय, सिस्टर म्हनते शंभर झाल्याशिवाय थांबाचं नाई."

मुन्शी दुसरीकडे पाहाले लागला. म्हने, "राहू दे ना बाई, आता गंजी लागली, अंधार पडून राह्यला."

मी तिथीच मातीत बसली. पोरीलेही बसवलं. सगळे पुडे सोडले. मागचे लोक कावले, मुन्शी कावला. मी म्हनली, "तुले सदुसष्ट दिसतात, आन शंभर नाई दिसत काय रे भाऊ?" पोरगी रडत होती, बूट घालून, मोजत होती. सत्तर झाले का मी तिच्या हातावर हात ठेवून थांबवत होती.